मागून मारलेल्या हाका

मार्च लागला की मला एका जागी बसवत नाही. बसायला वेळ तरी कुठे असतो म्हणा. मी क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. या दिवसांत पोरं क्लासच्या जिन्यातच पुस्तक उघडून उभी असतात, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. एखादी मुलगी मधेच अडते, पुढचा शब्द आठवत नाही, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघून मी पायरीवरच थांबते. पोरांना वाटतं टीचर आपल्या पेपरचं टेन्शन घेतायत. वाटू दे.

त्यांचे पेपर ते देतील. माझं मन भलतीकडेच असतं. काल राई गावात बाबांकडे गेले होते, बसच्या खिडकीतून मिठागरं दिसली. पाणी आटत चाललेलं, वाफ्यांच्या कडा पांढऱ्या झालेल्या, मिठाचे ढीग अजून बुटके. खाडीवरून वारा आला, त्याला तो खारट, चिखलाचा वास. आणि बसल्या बसल्या मी मागे वळून बघितलं. कोणी हाक मारली नव्हती. मागच्या सीटवरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी उगाच हसले आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. तीन वर्षं झाली त्या मार्चला. माझी जुई तेव्हा चौदा महिन्यांची होती, एक शब्दही बोलत नव्हती, आणि मी दिवसभर तिला मागून हाका मारत होते.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळ्यांना सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाबा माणगावकडचे, रंगकाम करायला इकडे आले आणि राईत भाड्याच्या खोलीत राहिले. बेव्हर्ली पार्कातल्या ज्या बिल्डिंगमध्ये मी आज पाचव्या मजल्यावर राहते, तिला बाहेरून पहिला रंग दिला तेव्हा बाबा दोरखंडाच्या झुल्यावर लटकलेले होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली. माझा बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा बाबांनी हात स्वच्छ धुऊन, पुसून, मग गुणपत्रिका हातात घेतली होती. त्यांना ती वाचता येत नव्हती, पण ती किती वेळ धरायची हे त्यांना बरोबर कळत होतं.

तर सांगायचं हे की, मी जे काही आहे ते परीक्षा देऊन झाले. बसायचं, पाठ करायचं, लिहायचं, पास व्हायचं. मला दुसरा रस्ता माहीतच नाही. म्हणून जुईला वर्ष झाल्यावर मी खेळसुद्धा तसेच सुरू केले.

मोबाईलवर बघून बघून मी शिकले होते. रिकाम्या बाटलीत राजमा भरून खुळखुळा. कपड्यांचे चिमटे डब्यात टाकायचे आणि काढायचे. परातीत पाणी घेऊन दोन वाट्या द्यायच्या, या वाटीतलं त्या वाटीत. बाजारातून आल्यावर पिशवी तिच्यासमोर ओतायची आणि एकेक गोष्ट हातात द्यायची: हा बटाटा, ही काकडी, हे वांगं. आरशासमोर बसून नाक कुठे, कान कुठे. टॉवेलखाली तोंड लपवायचं आणि एकदम बाहेर यायचं. खेळ चांगले होते, त्यांना मी नावं ठेवणार नाही. काकडी दिली की जुई तिला गालाला लावून बघायची, गार लागली की डोळे बारीक करायची. चिमट्यांचा डबा ती अशी भरायची, एक चिमटा बाहेर राहिला तरी पुन्हा रिकामा करून नव्याने भरायची. अख्खी परात अंगावर ओतून घेऊन ती हसायची, तेव्हा तिच्या पोटाला वळ्या पडायच्या.

पण ती बोलत नव्हती. बटाट्याला काही नाही, काकडीला काही नाही, मला आई नाही. आणि खेळ संपला की मी मनातल्या मनात मार्क द्यायची. आज नाक दाखवलं, पण मी आधी दाखवलं म्हणून. आज कान नाही दाखवला. आज एकदा 'म्' असा आवाज आला, पण तो जांभई देताना आला.

मग मी कार्डं केली. चार्टपेपर कापून, एका कार्डावर एक चित्र, खाली मोठ्या अक्षरात नाव. चित्रकला माझी बरी आहे, बाबांकडून आलेली. कावळा, कप, चेंडू, पाणी. कार्ड चेहऱ्यासमोर धरायचं, शब्द म्हणायचा, थांबायचं. पुन्हा म्हणायचा. जुई कार्डाकडे बघायची, मग कार्डाच्या वरून माझ्या डोळ्यांकडे बघायची, काहीतरी शोधत असल्यासारखी. तेव्हा मला त्या बघण्याचा राग यायचा. वाटायचं, माझ्याकडे काय बघतेस, चित्राकडे बघ.

समोरच्या फ्लॅटमधल्या हेतलबेनचा ध्रुव जुईपेक्षा जेमतेम महिन्याने मोठा. त्याचं तोंड मिटतच नव्हतं. गुजरातीत बा, हिंदीत पापा, आमच्याकडे आला की 'दे' आणि 'नको'. हेतलबेन मनाच्या साफ, पण जिभेला लगाम नाही. दाराशी उभं राहून म्हणाल्या, "अरे टीचर, तुम्हारी बेबी बोलेगी नहीं, डायरेक्ट पेपर में लिखेगी." मी पण हसले. दार लावून घेतलं आणि कार्डांचा गठ्ठा उचलला.

बाकीचे लोक समजूत घालायचे आणि प्रत्येकाची समजूत वेगळी. कोणी म्हणायचं, घरात मराठी, बाहेर हिंदी, शेजारी गुजराती, पोर गोंधळणारच. कोणी म्हणायचं, मुली लवकर बोलतात, म्हणजे काहीतरी आहे. माझा नवरा प्रशांत एअरपोर्टवर कार्गोला आहे, शिफ्टची ड्युटी. तो सगळ्यात शांत. म्हणायचा, "अगं, मी अडीच वर्षांचा होईपर्यंत गप्प होतो म्हणे. आणि आता तूच रोज सांगतेस, गप्प बस." मला हसू यायचं आणि पाचच मिनिटांत ते उतरायचं.

कारण मनात शब्दांची भीती नव्हतीच. भीती वेगळी होती, आणि ती मी प्रशांतलाही धड सांगितली नव्हती. जुई बोलत नाही याचं मला तितकं नव्हतं. ती ऐकत नसेल तर?

त्याच दिवसांत हाका सुरू झाल्या. ती पाठमोरी खेळत असली की मी दाराशी थांबून हळूच म्हणायची, जुई. मग जरा मोठ्याने. कधी ती वळायची. कधी नाही. वळली की मला दुसरीच शंका. खिडकीतून ऊन येतंय, माझी सावली तिच्या पुढ्यात पडली असेल. मग मी उजेडाच्या विरुद्ध बाजूने जायची. बांगड्या काढून ठेवायची. एकदा तिच्या मागे स्टीलचं ताट पाडलं. ती वळली. मी सुटले म्हणून खाली बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की फरशी थरथरली असेल. मग ताट गादीवर पाडलं, तर त्याचा आवाज मलाच नीट आला नाही. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी ते सगळं अगदी गंभीरपणे करत होते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. माझं घर त्या मार्चमध्ये प्रयोगशाळा झालं होतं आणि आत एक बाळ रांगत होतं.

शांत बसणं जमत नव्हतं. वर्गात शिकवताना मधेच थांबून मी मोबाईल बघायची. पोरांनी प्रश्न विचारला की दोनदा विचारायला लावायची. रस्त्याने जाताना दुसऱ्यांची मुलं बघायची, ती कशाला वळतात, किती चटकन वळतात. हॉर्न वाजला की कोणतं बाळ दचकलं, हे मला आईच्या आधी दिसायचं.

दुपारी मी क्लासला निघायची तेव्हा बाबा यायचे. राईहून बस बदलून, खिशात रुमाल, हातात कधी दोन शहाळी. संध्याकाळपर्यंत जुई त्यांच्याकडे. बाबा मुळात कमी बोलणारे. माझी ताटं नि कार्डं त्यांना पसंत नव्हती हे मला दिसत होतं. एकदाच म्हणाले, पोर हाय, खेळू दे की जरा. मी म्हटलं, खेळतेच आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत की समजायचं, त्यांना पटलेलं नाही.

एक दिवस बॅच रद्द झाली, पोरांचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी लवकर घरी आले. माझ्याकडच्या चावीने दार उघडलं. आत आवाज नव्हता. टीव्ही बंद. मला वाटलं दोघं झोपलेत.

दोघं जमिनीवर समोरासमोर बसले होते. बाबांनी अंगठा ओठांना लावला आणि भुवया वर केल्या. जुईने तळहात हलवला, नको. बाबांनी पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली. पुन्हा तळहात. मग जुईने आपला हात वर-खाली, वर-खाली फिरवला, भिंतीला ब्रश मारल्यासारखा, आणि बाबांच्या छातीवर बोट टेकवलं. बाबा मान मागे टाकून हसले, आवाज न करता. मग बाबांनी आपला तळहात ताठ करून चेहऱ्यासमोर धरला, त्याच्या वरून डोळे मोठे करून बघितलं, आणि दाराकडे बोट केलं. जुईने दाराकडे बघितलं. दारात मी उभी होते.

मला कळायला जरासा वेळ लागला. ताठ तळहात म्हणजे कार्ड. ते माझं नाव होतं.

हे हात मी ओळखत होते. माणगावच्या घरी बाबांची थोरली बहीण होती, सखूआत्या. तिला जन्मापासून ऐकू यायचं नाही. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा सगळं घर तिच्याशी हातांनी बोलायचं. अंगठा ओठाला म्हणजे पाणी, जुळलेली बोटं म्हणजे भात, डोक्यावर दोन बोटं म्हणजे गाय व्यायली का. माणसांना पण हातांचीच नावं. बाबांचं नाव ब्रश. गावातले लोक तिला मुकी म्हणायचे, तिच्यासमोरच, ऐकू येत नाही म्हणून बिनधास्त. शाळेत तिला कोणी घातलं नाही, लग्नाचं कोणी काढलं नाही. सगळ्यांची धुणी, सगळ्यांची पोरं, चूल. मी बारावीला होते तेव्हा ती गेली. गेल्यावर घरातले लोक कितीतरी दिवस जेवताना हात हलवून मग थांबायचे म्हणे, समोर कोणी नाही हे लक्षात येऊन.

मी पर्स खाली टाकली. जुईला उचललं. आणि बाबांना म्हटलं, "म्हणजे तुम्ही ठरवूनच टाकलंत?"

"मी काय ठरवणार, बाय. ती बोलाय लागली, मी बोललो."

"ती बोलत नाहीये बाबा. तेच तर रडगाणं आहे."

"तोंडानं न्हाय बोलत," बाबा म्हणाले.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, हे हात राईच्या खोलीत चालतील, पुढे कुठे? शाळेत कोणाला कळणार? क्लासमध्ये? बसमध्ये कंडक्टरला? की तिने पण आत्यासारखी जन्मभर चुलीपाशी बसायचं? शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं हे बोलतानाच कळत होतं, पण ते निघालं. बाबांनी खाली बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले की त्यांना दिवाळीपासून शंका होती. फटाक्याला ती दचकली, पण बाबांनी हाक मारल्यावर नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? सखूला तरी कोण घेऊन जाणार होतं डाक्टरकडं?"

"तेव्हा कोणी नव्हतं," मी म्हटलं. "आता मी आहे."

बाबा उठले, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या वेळेला दाराशी उभे होते, हातात शहाळी. आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात. मी शहाळी फ्रिजमध्ये ठेवली आणि सांगितलं, डॉक्टरांची वेळ घेतलीय.

मुलांच्या डॉक्टरांनी जुईचे कान तपासले, दोन-तीन आवाज केले, आणि बोरिवलीच्या एका सेंटरवर जाऊन नीट तपासणी करा म्हणाले. सेंटरवाल्यांनी फोनवर सांगितलं की मूल झोपलेलं लागेल. डोक्याला वायरी लावायच्या, कानात आवाज सोडायचे, मेंदूपर्यंत पोचतात का बघायचं. औषधाने झोपवायचं नसेल तर पहाटे उठवा, वाटेत अजिबात झोपू देऊ नका, इथे आल्यावर दूध पाजा, आपोआप झोपेल.

ऐकायला सोपं वाटतं. चौदा महिन्यांच्या पोराला झोपू न देणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. प्रशांतने सुट्टी टाकली. बाबा आदल्या संध्याकाळीच येऊन राहिले. जुईला पहाटे उठवलं तेव्हा तिने आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही तिघं तिच्या मनातून उतरलोय. आंघोळ घातली, ती पाण्यातच पेंगायला लागली. मग रिक्षा. मी मधे, मांडीवर जुई, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला प्रशांत. तिचे डोळे मिटत आले की तिघांपैकी कोणीतरी काहीतरी करायचं. प्रशांतने विमानाचे आवाज काढले, कार्गोची ट्रॉली काढली, आपल्या साहेबाच्या शिंकेची नक्कल केली. बाबांनी हातांची गाय केली, हातांचा कावळा केला, ब्रशने सगळी रिक्षा रंगवली. मी पिशवीतले चिमटे काढून तिच्या फ्रॉकला लावले, माझ्या नाकाला लावले, प्रशांतच्या कानाला लावले. ती रडता रडता हसली आणि हसता हसता पेंगली.

दहिसर चेकनाक्याला रिक्षा बदलावी लागते, आमच्याकडची पुढे जात नाही. उतरून दुसरी शोधेपर्यंत ती प्रशांतच्या खांद्यावर झोपी गेलीच. मी तिच्या तळपायावर फुंकर मारली. नव्या रिक्षावाल्याने आरशातून बराच वेळ आमचा तमाशा बघितला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "बच्ची को सोने क्यों नहीं देते हो आप लोग?" प्रशांतने सांगितलं. त्यानंतर तो भला माणूस बोरिवलीपर्यंत दर दोन मिनिटांनी मागे वळून तिला जीभ दाखवत होता, आणि बाबा त्याला घाबरून सांगत होते की भाऊ, पुढं बघून चालव.

मला आजही वाटतं, जुईबरोबर मी खेळ म्हणून खेळ खेळले तो त्या रिक्षात. ती बरोबर करतेय की चूक, वळतेय की नाही, काही बघत नव्हते. फक्त जागी राहा, एवढंच. आणि गंमत बघा, ते मी तिला झोपवायच्या तपासणीला घेऊन जाताना केलं.

सेंटरमध्ये दूध संपायच्या आत ती झोपली. कपाळाला आणि कानांच्या मागे वायरी चिकटवल्या. तपासणाऱ्या मॅडम वयाने माझ्याहून लहान होत्या. समोरच्या पडद्यावर रेघा उठत होत्या. मी पोरांना ध्वनिलहरी शिकवते. शिखर कुठे, दरी कुठे, तरंगलांबी कशी मोजायची. त्या पडद्यावरचं मला एक अक्षर कळत नव्हतं. मी जुईच्या पोटावर हात ठेवून बसले होते आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी पेपर तपासत असताना पोरं माझ्या चेहऱ्याकडे तशीच बघतात.

मग त्यांनी कानात एक छोटंसं रबरी बोंड घालून आणखी काही मोजलं, आणि म्हणाल्या की ऐकण्याची नस चांगली आहे. कानाच्या पडद्याच्या आत पाणी साचलंय, दोन्ही कानांत, वारंवार सर्दी होते त्याने. तिला ऐकू येतं, पण आपण पाण्यात बुडी मारल्यावर जसं येईल तसं. मोठे आवाज पोचतात, बोलणं पुसट होतं. बहुतेक मुलांचं औषधाने आणि वेळ दिला की उतरतं, नाही उतरलं तर बारीकसं ऑपरेशन असतं. लवकर आणलंत हे बरं केलंत.

लवकर आणलंत. हे दोन शब्द मी अजून जपून ठेवलेत. मला कोणी विचारलं की शिकून काय मिळालं, तर मी हेच सांगेन.

बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. प्रशांत जुईला घेऊन पुढे गेला, मी त्यांच्या शेजारी टेकले आणि तळहातावर बोटाने कान काढून दाखवला. हा बाहेरचा, ही नळी, हा पडदा, याच्या आत पाणी. बाबा लक्ष देऊन बघत होते.

"म्हणजे सखूसारखं न्हाय?"

"नाही बाबा. सखूआत्यासारखं नाही."

त्यांनी मान हलवली. रुमाल काढला, चेहरा पुसला, पुन्हा घडी घातली. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तिला पण पाणीच आसंल काय?"

जन्मापासून होतं म्हणतात, म्हणजे बहुधा नस असेल, असं मी म्हणू शकले असते. पण जन्मापासून होतं हे तरी कोणी तपासलं होतं? तिच्या कानात एकदाही, कोणीही, बॅटरी मारून बघितलं नव्हतं. मी विज्ञानाची बाई, प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारी, त्या बाकावर बाबांचा हात धरून बसले. शेवटी बाबाच म्हणाले, चल, पोर उठंल.

गेल्या आठवड्यात नववीला कानाची आकृती घेतली. दर वर्षी घेते. पडद्यापाशी आले की खडू जरा थांबतो. एका मुलाने विचारलं, टीचर, हे परीक्षेला येतं का? मी म्हटलं, येतं. एवढंच म्हटलं.

त्या एप्रिलमध्ये औषधं, थेंब, वाफ, पुन्हा बोरिवली, पुन्हा रिक्षा बदलणं. मिठाचे ढीग मोठे झाले, त्यांच्यावर प्लॅस्टिक आलं. मी हाका थांबवल्या नव्हत्या, खोटं कशाला बोलू. पण कार्डं काढली नाहीत. बाबा दुपारी हातांनी बोलायचे आणि आता त्याबरोबर तोंडानेही बोलायचे, मोठ्याने, तिच्या समोर बसून. पाणी म्हणायचे आणि अंगठा ओठाला लावायचे. मी एकदा चहा करता करता ऐकलं आणि अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पण तसंच केलं. आयुष्यभर कमी बोललेला माणूस त्या उन्हाळ्यात नातीसाठी बडबड्या झाला होता. शहाळ्यावर बोलायचे, कबुतरांवर बोलायचे, आमच्या भिंतीच्या रंगावर तर फारच, कारण तो दुसऱ्या पेंटरने दिलेला होता.

मे महिन्यात एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि हॉलमध्ये बसलेली जुई दचकून, तोंड वेडंवाकडं करून भोकाड पसरून रडली. रोजचा कुकर, रोजची शिट्टी. प्रशांत धावत आला तर मी ओट्याशी उभी राहून हसत होते. त्याला वाटलं मला काहीतरी झालं. मी गॅस मोठा केला, दुसरी शिट्टी यावी म्हणून. ती पुन्हा रडली. बिचारी पोर. मी तिला कडेवर घेऊन नाचले आणि ती माझ्या खांद्यावर रडत राहिली.

आता जुई चार वर्षांची आहे, ज्युनियर केजीला जाते. बोलते किती ते विचारू नका. हेतलबेन म्हणतात, टीचर, अब इसको थोड़ा म्यूट करो. तरी मला चैन नाही. ती चित्र काढत पाठमोरी बसलेली असली की मी दाराशी थांबून हळूच म्हणते, जुई. ती न वळता म्हणते, "काय गं सारखं सारखं?" मी म्हणते, काही नाही. मग स्वयंपाकघरात जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा येते. सर्दी झाली की रात्रंदिवस तिच्या तोंडाकडे बघत बसते. हे जाईल असं प्रशांत म्हणतो. मला नाही वाटत जाईल.

लोक विचारतात, पहिला शब्द कोणता बोलली? यावर आमच्या घरात एकमत नाही. बाबा म्हणतात, ब्रश. तो तिने हाताने म्हटला, मार्चमध्ये, त्यांच्या छातीवर बोट ठेवून, आणि तो शब्द नव्हता असं म्हणायची कोणाची हिंमत नाही. मला मान्य आहे. पण मी माझ्या कानांनी ऐकला तो वेगळा.

मे संपत आला होता. रविवार, उकाडा, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. बाबा आले होते. आमची लिफ्ट जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची. कोणी दार नीट लावलं नाही की आतून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू होतो, कृपया दरवाजा बंद करें, आणि दार लागेपर्यंत थांबत नाही. त्या दुपारी कोणीतरी खाली तिसऱ्या मजल्यावर दार उघडं टाकून गेलं होतं. बाई म्हणतेय, कृपया दरवाजा बंद करें. थोडं थांबतेय. पुन्हा म्हणतेय. सगळी बिल्डिंग वैतागलेली. हेतलबेन जिन्यातून ओरडल्या, अरे कोई तो जाओ नीचे. वरून कोणीतरी त्यांनाच ओरडलं.

जुई चिमट्यांचा डबा घेऊन बसली होती. तिने चिमटा खाली ठेवला. मान वर केली. उठली, भिंतीला धरून, मग भिंत सोडून, आमच्या बंद दारापाशी गेली आणि तिथे कान लावल्यासारखी उभी राहिली. बाई बोलली. जुई थांबली. बाई गप्प झाली, आणि त्या मोकळ्या जागेत जुई म्हणाली, "बंद."

मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं. बाई पुन्हा बोलली. पूर्ण वाक्य होईपर्यंत जुईने वाट बघितली, मग दारावर एक चापट मारली. "बंद."

आई नाही, पाणी नाही, कावळा नाही. लिफ्टचा शब्द. दोन मजल्यांखालून, दोन दारांच्या पलीकडून आलेला, आणि पाठमोऱ्या माझ्या मुलीने तो घेतला होता. सावली नव्हती, फरशी हलली नव्हती, कोणी तिच्यासमोर काही धरलं नव्हतं.

बाबा चपला शोधायला लागले. सवयीचा माणूस, कुठे काही उघडं राहिलं की जाऊन लावायचं. त्यांनी कडीला हात घातला तेव्हा मी त्यांचा शर्ट मागून धरला.

"बाबा, राहू दे. नका जाऊ."

खाली बाई बोलत राहिली, जिन्यात लोक तिला शिव्या देत राहिले, आणि दर वेळी ती गप्प झाली की आमच्या दाराआडून तिला उत्तर जात राहिलं.